लेकीच्या घरचं पाणी

तीस वर्षं मी दुसऱ्याचा पैसा वाटायची नोकरी केली, आणि ज्यांना तो वाटला त्यांच्या घरच्या पाण्याचा थेंबसुद्धा प्यालो नाही. एकदा सोडून. त्या एकदाची हकीकत मी आजवर घराबाहेर काढली नव्हती, कारण तिच्यात माझीच चांगली फजिती आहे. पण आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. माँसाब गेल्या, जैतूनबी गेली, आणि अंकाच्या संपादकांनी ‘मुळेसाहेब, तुमच्या कामाचं काहीतरी लिहाच’ म्हणून पिच्छा पुरवलाय. तर लिहितो. भाषेला मात्र हसू नका. पाच पिढ्या उज्जैनात काढलेल्या घरातली मराठी आहे ही. पुण्याच्या माझ्या भाच्या म्हणतात, मामा, तुम्ही मराठीत हिंदी बोलता. बोलतो, बिलकुल बोलतो!

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण अजूनही लोकांना वाटतं की मी कुठल्यातरी धर्मशाळेचा मॅनेजर होतो. आमच्या शहरात कापसाचा मोठा व्यापार केलेले एक सेठजी होते. मरताना त्यांनी मिळकतीचा मोठा हिस्सा एका न्यासाला लिहून दिला आणि अट घातली, की यातून मंदिर बांधायचं नाही, जेवणावळ घालायची नाही; शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या लोकांचा हात चालता राहील असं काहीतरी करायचं. म्हणजे कुठं विहीर, कुठं विणकरांना सामाईक शेड, कुठं बायकांना शिवणयंत्रं. लोक अर्ज करायचे. अर्जात तर सगळेच राजा हरिश्चंद्र असतात. तेव्हा प्रत्यक्ष जाऊन, बघून, चार प्रश्न विचारून खरं-खोटं लिहून आणायला एक माणूस हवा होता. तो मी. हुद्दा तपासनीस, वाहन सायकल.

न्यासाच्या मुख्य म्हणजे सेठजींच्या विधवा. त्यांना सगळं शहर माँसाब म्हणे. किरकोळ अंगाच्या, पांढरी साडी, गादीवर ताठ बसायच्या आणि भिंग धरून प्रत्येक अर्ज स्वतः वाचायच्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण माणसाची पारख अशी की मी मी म्हणणारे वकील त्यांच्यापुढे घाम पुसायचे. अर्जदार समोर आला की त्या एकच प्रश्न विचारत, ‘‘हमने नहीं दिया, तो तुम क्या करोगे?’’

बहुतेक लोक इथंच पडायचे. ‘‘आप ही माई-बाप हो, आपके बिना कुछ नहीं होगा,’’ असं कुणी म्हटलं की माँसाब भिंग खाली ठेवायच्या, आणि मी समजायचो की अर्ज गेला. एकदा एक पहिलवान आला. आखाड्यासाठी त्याला म्हैस हवी होती. प्रश्न ऐकून म्हणाला, ‘‘नहीं दोगे तो माँग के दूध पिएँगे, माँसाब. कुश्ती तो होगी ही.’’ माँसाब खूश! त्यांनी आखाड्याला छप्पर दिलं. ‘‘भैंस तो तुम ले ही आओगे,’’ म्हणाल्या. आणि खरंच, वर्षाच्या आत म्हैस दारात उभी होती. एकदा एका वकिलांना वाचनालयासाठी अनुदान हवं होतं. मी जाऊन पाहिलं, तर खोलीच्या मध्यभागी त्यांच्या वडिलांच्या पुतळ्याचा चौथरा आधीच बांधून तयार आणि पुस्तकांचं कपाट एक. मी अहवालात लिहिलं, ‘बसून वाचायला जागा नाही.’ ते वकीलसाहेब पुढं जन्मभर माझ्याशी बोलले नाहीत. माझं काही अडलं नाही.

आता पाण्याचा नियम. इकडे माळव्यात रिवाज आहे, की मुलीचा बाप मुलीच्या सासरी पाणी पीत नाही. दिल्या घरचं घ्यायचं नाही. (आमचे सासरे साताऱ्याहून लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी तीन कप चहा रिचवला. शेजारच्या काकींनी तोंडात बोटं घातली होती.) सेठजींनी तोच रिवाज न्यासाला लावला. जिथं आपण देतो ते लेकीचं घर, तिथलं पाणी आपल्या माणसानं प्यायचं नाही. हेतू स्वच्छ होता. आज पाणी, उद्या चहा, परवा तुपाचा डबा, आणि मग अहवाल कसा येणार ते दिसतंच.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माँसाबनी मला हे सांगितलं, आणि मी ते शब्दशः पाळलं. आईचा एक फिरकीचा तांब्या होता, पितळी, घट्ट झाकणाचा. घरचं पाणी भरून तो मी सायकलच्या दांडीला अडकवायचो. रस्त्यात खड्डा आला की तो दांडीवर आपटून टणटण वाजे. अर्जदारांना मी येतोय हे त्या आवाजावरूनच कळायचं. लोक मला तांबेवाले बाबू म्हणू लागले, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्याचा अभिमान वाटायचा.

भैरूगढच्या छिप्यांचा अर्ज आला तो मध्य भारत मोडायच्या वेळी. नव्या वाचकांना माहीत नसेल, स्वातंत्र्यानंतर आमचं राज्य म्हणजे मध्य भारत. राजधानी थोडे महिने ग्वाल्हेर आणि थोडे महिने इंदूर. फायलींनी नुसती फरफट. आता राज्यांची पुनर्रचना होऊन एक नोव्हेंबरला मध्य प्रदेश सुरू होणार होता, आणि सगळं दप्तर भोपाळला चाललं होतं. कचेऱ्यांमधून गठ्ठे बांधायचं काम जोरात.

छिपे म्हणजे कापडावर लाकडी ठशांनी छापणारे कारागीर. भैरूगढ शहराच्या कडेला, क्षिप्रेच्या काठी. वस्ती मुसलमान छिप्यांची. त्यांच्या लुगड्या-घागऱ्यांवर आसपासची गावं नटायची. पण फाळणीत काही घरं गेली, गिरणीच्या कापडानं काही मोडली, आणि राहिली त्यांना उन्हाळा मारत होता. नदी आटली की धुणं बंद, धुणं बंद की छपाई बंद. तीन-चार महिने घरं रिकाम्या हातानं बसायची, आणि दर उन्हाळ्यात एखादं घर अहमदाबादच्या गिरणीकडे निघून जायचं. त्यांना हवी होती एक विहीर, आणि तिच्यापाशी फरसबंदी धुणावळ, मोटेचं पाणी पाटानं वाहतं राहील अशी. सरकार नदीकाठची जमीन द्यायला तयार होतं, अट एवढीच की बांधायची हमी न्यासानं द्यावी. कचेरीतले बडे बाबू मला म्हणाले, ‘‘मुळेजी, तीस तारखेच्या आत माँसाबची चिठ्ठी आणा. नंतर फाइल भोपाळला गेली की मी कोण आणि तुम्ही कोण!’’

मी गेलो. बरोबर जमीन दाखवायला पटवारी. इमामबक्ष चाचा हे वस्तीतले सगळ्यात जाणते छापणारे, आणि त्यांची विधवा बहीण जैतूनबी रंगाची भट्टी सांभाळणारी. त्या दोघांनी मला सगळं काम दाखवलं, आणि मी अक्षरशः आ वासून बघत राहिलो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात पिवळट करायचं. मग काळ्यासाठी लोखंडाचा गंज गुळात आंबवून केलेली शाई, लालसाठी तुरटीची खळ, आणि त्यांचे ठसे. चाचा माझ्याशी बोलत होते, मान माझ्याकडे, आणि हात ठशामागून ठसा ठेवत चाललेला. एका रेषेचा फरक नाही. मग कापड धुवायचं ते वाहत्या पाण्यातच. साचलेल्या पाण्यात सुटलेली तुरटी इकडेतिकडे बसते आणि रंगाच्या भट्टीत उकळल्यावर पांढऱ्या जागेवरसुद्धा लाल चढतं. जैतूनबी तुरटीचं पाणी बोट बुडवून जिभेवर ठेवायची आणि सांगायची, कमी आहे, जास्त आहे. मोजमाप काही नाही. सगळं जिभेवर. एवढं डोकं असलेली माणसं मी कचेऱ्यांतून फार कमी पाहिली.

मी माँसाबचा प्रश्न विचारला. चाचा म्हणाले, ‘‘नहीं मिला तो गर्मी में बैठेंगे, बारिश में फिर छापेंगे. और क्या?’’ मी मनात म्हटलं, झालं काम!

मग आम्ही जमिनीवर गेलो. लांबट पट्टा होता. रस्त्याच्या बाजूच्या टोकाला पटवारीनं काठी रोवून ठेवली होती, इथं विहीर. मी मान डोलावली. तेवढ्यात जैतूनबी मातीचे दोन कटोरे घेऊन आली. दोन्हींत पाणी. ते तिनं माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, ‘‘बाबू, दोनों चख के देखो.’’

मी काय करावं? हात आखडता घेतला, दोनदा ‘‘नहीं नहीं, हमारा कायदा है’’ म्हणालो. कसला कायदा, ते सांगायचं सुचलं नाही. ऊन मी म्हणत होतं, घसा कोरडा पडला होता. तेव्हा सायकलपाशी जाऊन फिरकीचा तांब्या काढला, झाकण फिरवलं, आणि त्या सगळ्यांसमोर वरून धार धरून घटाघटा पाणी प्यालो. वर चाचांना म्हणालो, ‘‘काम बहुत बढ़िया है आपका.’’

जैतूनबीनं कटोरे तिथंच जमिनीवर ओतले. मी ते पाहिलं, आणि मला काहीही वाटलं नाही.

घरी येऊन मी आयुष्यातला सगळ्यात गोड अहवाल लिहिला. तिसऱ्या दिवशी चाचांची चिठ्ठी आली. सुंदर अक्षर, दोन ओळी. आमचा अर्ज आम्ही परत घेत आहोत, तकलीफ दिल्याबद्दल माफी असावी.

मी असा भडकलो! ‘‘नखरे बघा यांचे!’’ म्हणून घरात नाचलो. ‘‘मी यांच्यासाठी शब्द शोधशोधून अहवाल लिहितो, आणि हे अर्ज परत घेतात!’’ माझी बायको शालिनी स्वयंपाकघरात चकल्या करत होती. दिवाळी तोंडावर होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘अहो, पण तुम्ही तिथं केलंत काय?’’

मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

‘‘त्यांचं पाणी नाकारून त्यांच्यासमोर आपल्या तांब्यातून प्यालात?’’

‘‘मग? नियम आहे.’’

‘‘तो नियम तुम्हाला ठाऊक आणि माँसाबना ठाऊक. त्या बाईला कुठं ठाऊक? तिनं काय पाहिलं? एक मुळे नावाचा ब्राह्मण आला आणि तिचं पाणी न शिवता आपला तांब्या काढून प्याला.’’

असले फिरकीचे तांबे आमच्याकडचे सोवळे लोक प्रवासात कशासाठी नेत, हे मला का माहीत नव्हतं? माझी आईच न्यायची! आठ-नऊ वर्षांपूर्वी काय काय झालं होतं ते सगळ्या देशाला माहीत होतं, आणि मी भर दुपारी, भर वस्तीत, तांब्याची धार धरून उभा. आणि एक गोष्ट आता या वयात लपवत नाही. न्यासाचा नियम नसता, तर मी ते पाणी सहज प्यालो असतो का? नियम आहे हे बरं झालं, असं मनाच्या एखाद्या कोपऱ्यात तेव्हा नव्हतंच, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

तीस तारखेला दोन दिवस उरले होते. सकाळीच तांब्या घरी ठेवून भैरूगढ गाठलं. जैतूनबी नदीवर कापड आपटत होती. मी काठावर उभा राहून सगळं सांगितलं. सेठजी, न्यास, लेकीचं घर, सगळं. ती आपटायची थांबली नाही. शेवटी कापड पिळून म्हणाली, ‘‘अच्छी बात है. पर बाबू, हमारे यहाँ जिस-जिसने पानी नहीं पिया, सबके पास कोई न कोई कायदा था.’’

मी म्हटलं, ‘‘आपा, ते दोन कटोरे पुन्हा द्याल का?’’

तिनं माझ्या सायकलकडे नजर टाकली. दांडी मोकळी होती. मग जमिनीच्या पट्ट्याकडे चालू लागली. पटवारीच्या काठीपाशी छिप्यांनी एक झिरा उकरलेला होता. झिरा म्हणजे नदीकाठचा हातानं खणलेला खड्डा, ज्यात पाणी झिरपून साचतं. त्यातून तिनं एक कटोरा भरला. मी प्यालो आणि तोंड वाकडं झालं. खारट, अगदी मचूळ! मग ती पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, आंब्याखाली गेली. तिथंही एक झिरा होता. त्यातलं पाणी मात्र असं गोड की मी कटोरा रिकामा केला.

‘‘खारे पानी में लाल, लाल नहीं रहता,’’ ती म्हणाली. ‘‘मिट्टी हो जाता है.’’

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशी ती मला पाहुणचार करत नव्हती. ती मला पुरावा देत होती! पटवारीसमोर ‘सरकारनं दाखवलेली जागा चुकीची आहे’ असं बोलायची कुणाची छाती नव्हती. उगाच आहे तेही जायचं. म्हणून तिनं ते माझ्या जिभेवर ठेवायचं ठरवलं होतं. आणि मी, तपासनीस म्हणून पगार खाणारा माणूस, तेवढीच एक गोष्ट तपासायची सोडून आलो होतो. माझ्या त्या गोड अहवालावर विहीर झाली असती, तर सगळ्या वस्तीचं लाल मातीत गेलं असतं.

‘‘आपा, मी गाढव आहे,’’ मी मराठीतच म्हणालो. तिला बरोबर कळलं. पहिल्यांदा हसली.

दोन लोटे मागून घेतले, दोन्ही झिऱ्यांचं पाणी भरून घेतलं आणि तडक कचेरीत. बडे बाबू म्हणाले, ‘‘अब क्या नक्शा बदलोगे? गठरी बँध गई है.’’ मी म्हटलं, ‘‘फक्त एक घोट घ्या.’’ खाऱ्या पाण्याचा घोट घेऊन ते खिडकीशी धावले. परत येऊन पटवारीला अशी काही खरमरीत हाक मारली की बाहेरचे लोक उठून उभे राहिले. गाठ सुटली, काठी नकाशावर आंब्याखाली सरकली. बाबू म्हणाले, ‘‘कल शाम तक चिठ्ठी.’’

उरल्या माँसाब. त्यांच्यापुढे मी लोटे ठेवले आणि सगळं कबूल केलं, पहिल्या दिवशी न पिण्यापासून आज पिण्यापर्यंत. नोकरी जाणार अशी माझी खात्री होती. त्यांनी भिंग पुसलं, बराच वेळ पुसलं.

‘‘मुळेजी, तुम्हारी शादी से पहले तुम्हारे ससुर घर देखने आए थे?’’

‘‘आले होते, माँसाब.’’

‘‘पानी पिया था?’’

‘‘जेवलेसुद्धा होते.’’

‘‘तो?’’ त्या माझ्यावर अशा कडाडल्या! ‘‘बेटी देने के बाद पानी नहीं पीते. देने से पहले तो बाप कुएँ का पानी चखता है, चूल्हा देखता है, सास का मुँह देखता है! बिना चखे बेटी देते हैं क्या कहीं? इतने साल से तुम बिना चखे देते आ रहे हो?’’

मग त्यांनी हात पुढे केला. मी गोड पाण्याचा लोटा दिला. छिप्यांच्या वस्तीतलं ते पाणी सेठांच्या घरातल्या त्या विधवेनं, जिच्या घरात पाण्याचीही शिवाशिव पाळली जाई, एका दमात पिऊन टाकलं. तोंड पुसलं आणि चिठ्ठीवर सही केली. पुढं मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली, हारतुरे घेणारी. त्या दिवसाच्या माँसाबच्या जवळपास कुणी पोचलं नाही.

चाचांनी अर्ज पुन्हा दिला, चिठ्ठी वेळेत पोचली, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत विहीर झाली. त्या उन्हाळ्यात भैरूगढमध्ये छपाई थांबली नाही. पण चाचांचा धाकटा भाऊ, अर्ज परत घेतल्यावर ‘आता इथं काही होत नाही’ म्हणून बायकापोरांना घेऊन अहमदाबादला गेला होता. तो काही परत आला नाही. त्याचे ठसे भिंतीला टांगलेले असायचे. मी गेलो की त्यांच्याकडे बघायचं टाळायचो.

विहीर झाली तेव्हापासून ते लेकीचं घर झालं. पाहणीला गेलो की जैतूनबी मुद्दाम कटोरा भरून पुढं करायची, मी हात जोडायचो, आणि ती सगळ्या बायकांना ओरडून सांगायची, ‘‘देखो, बाप आया!’’ अख्खी धुणावळ हसायची. मीही तांब्या उघडायचो. आता त्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता.

मी रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सायकल काढली. न्यासाचा माणूस म्हणून माझं नाव आता कुठंच उरलं नव्हतं. जैतूनबी भट्टीपाशी खाटेवर बसली होती. नजर गेलेली, पण सुनेला तुरटी सांगायला जीभ शाबूत.

‘‘कौन?’’

‘‘मुळे.’’

‘‘झूठ. तांब्या तो बजा नहीं.’’

‘‘तांब्या घरी ठेवला, आपा. नोकरी संपली. पाणी द्या.’’

सुनेला हाक मारून तिनं विहिरीचं ताजं पाणी काढायला लावलं आणि कटोरा आधी आपल्या हातात घेतला. बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, नीट चाखलं, आणि मग माझ्या हातात दिला.

‘‘अब पियो,’’ म्हणाली. ‘‘इस बार मैंने देख लिया है.’’

मी सगळं प्यालो, आणि दुसरा कटोरा मागून घेतला.